तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षात रुजू होताना

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. विद्यापीठातले शोध उद्योगांपर्यंत पोहोचवणाऱ्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षात तू रुजू होणार असल्याचे वाचून आनंद झाला. संशोधनातून उद्योग कसे उभे राहतात आणि त्यातून विद्यापीठाला किती पैसे मिळतात, हे दोन प्रश्न तू विचारले आहेस. दुसरा प्रश्न सगळेच आधी विचारतात. पण तोच डोळ्यांपुढे ठेवून बसलेला कक्ष बहुधा पैसेही मिळवत नाही आणि उद्योगही उभे करत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे एक प्रकरण तू बारकाईने अभ्यासावेस. तेथील स्टॅन्ली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हर्बर्ट बॉयर यांची 1972 मध्ये हवाई येथील एका परिषदेत गाठ पडली. कोहेन यांचा अभ्यास प्लाझ्मिडचा, म्हणजे जिवाणूंमधील डीएनएच्या लहान वर्तुळांचा होता, तर बॉयर यांच्याकडे डीएनए नेमक्या जागी कापणारे एन्झाइम होते. दोघांच्या सहकार्यातून जनुके जोडून ती जिवाणूत वाढवण्याची पद्धत तयार झाली आणि तिच्यावरचा निबंध नोव्हेंबर 1973 मध्ये प्रसिद्धही झाला. पेटंटचा विचार तोवर कोणी केला नव्हता. पुढच्या मे महिन्यात वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्टॅनफर्डच्या लायसन्सिंग कार्यालयाचे नील्स रायमर्स यांनी कोहेन यांना गाठले. कोहेन सहजासहजी तयार झाले नाहीत. इतरांच्या अनेक वर्षांच्या कामावर उभ्या असलेल्या शोधावर आपण मालकी कशी सांगायची, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो रास्तच होता. अखेर 4 नोव्हेंबर 1974 रोजी अर्ज दाखल झाला, तेव्हा निबंध प्रसिद्ध झाल्यावर अमेरिकेत मिळणारी एक वर्षाची मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला होता. अमेरिकेबाहेरचे हक्क मात्र निबंध छापून आला त्याच दिवशी हातचे गेले होते.

पहिले पेटंट मंजूर व्हायला डिसेंबर 1980 उजाडला. त्यानंतर विद्यापीठाने जे केले, ते मला पेटंटपेक्षा महत्त्वाचे वाटते. एखाद्या बड्या कंपनीला सर्वाधिकार, म्हणजे इतर कोणालाही न मिळणारा वापराचा हक्क, देऊन मोठी रक्कम घेता आली असती. त्याऐवजी मागेल त्या कंपनीला सारख्याच अटींवर लायसन्स दिले गेले: सुरुवातीला दहा हजार डॉलर, दरवर्षी तेवढेच, आणि उत्पादन बाजारात आल्यावर विक्रीवर माफक रॉयल्टी. विद्यापीठांतील संशोधकांकडून काहीच मागितले नाही. शुल्क इतके कमी होते की कोर्टात भांडण्यापेक्षा सही करणे कंपन्यांना स्वस्त पडले. एकूण 468 कंपन्यांनी लायसन्स घेतले आणि 1997 मध्ये मुदत संपलेल्या या पेटंटांतून दोन्ही विद्यापीठांना मिळून सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलर मिळाले. दरम्यान बॉयर यांनी 1976 मध्ये रॉबर्ट स्वॉन्सन यांच्यासोबत जेनेन्टेक ही कंपनी काढली होती. तिने विकसित केलेले मानवी इन्सुलिन 1982 मध्ये औषध म्हणून मान्य झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात पुढे जैवतंत्रज्ञानाचा जो उद्योग फोफावला, त्याच्यापुढे रॉयल्टीची रक्कम किरकोळच म्हणावी लागेल.

एवढ्यावरून सर्वाधिकार कधीच देऊ नयेत, असे समजू नकोस. एकच औषध असेल, रुग्णांवरील चाचण्यांना कित्येक वर्षे आणि अफाट खर्च लागणार असेल, तर संरक्षणाशिवाय कोणीही पैसा घालणार नाही. अशा वेळी सर्वाधिकार जरूर द्यावेत, पण ठरलेल्या मुदतीत ठरलेला टप्पा गाठला नाही तर हक्क परत येतील, हे कलम करारात असलेच पाहिजे. नाहीतर प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नये एवढ्यासाठीच लायसन्स घेऊन ते कपाटात ठेवणाऱ्या कंपन्याही असतात.

आपल्याकडचे ताजे उदाहरण रक्ताच्या कर्करोगावरील कार-टी उपचाराचे आहे; यात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून, वाढवून त्याला परत देतात. आयआयटी मुंबईतील राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत हे काम सुरू झाले, टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी चाचण्या केल्या, आणि संस्थेतूनच निघालेल्या इम्युनोअ‍ॅक्ट या कंपनीला ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. परदेशात काही कोटींना पडणारा उपचार येथे त्याच्या लहानशा हिश्श्यात उपलब्ध झाला. आयआयटीची पवई आणि टाटा स्मारकाचे संशोधन केंद्र असलेले खारघर यांच्यातले अंतर फार नाही. पण ते काम पार पडायला पेशी वाढवणारे, रुग्ण तपासणारे आणि परवान्यांची कागदपत्रे सांभाळणारे अशा तिघांना कित्येक वर्षे एकमेकांचे ऐकून घ्यावे लागते. सामंजस्य करारावर सह्या करतानाच्या छायाचित्रांतून हे होत नसते. (अशी छायाचित्रे तुझ्या कक्षाच्या भिंतीवर भरपूर असतील.)

पेटंट मोजून तुझ्या कामाचे मूल्यमापन होईल, तेव्हा वरिष्ठांना माटुंग्याच्या यूडीसीटीची, म्हणजे आजच्या आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) या रसायन तंत्रज्ञान संस्थेची, आठवण करून दे. 1933 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे भारतीय रसायन उद्योगावरील ऋण लायसन्सच्या यादीत शोधून सापडणार नाही. घरडा केमिकल्सचे केकी घरडा आणि डॉ. रेड्डीज या औषध कंपनीचे अंजी रेड्डी हे तिचेच विद्यार्थी. कारखान्यातली अडचण घेऊन मालक प्राध्यापकांकडे यायचे, त्यातून पीएचडीचे विषय निघायचे आणि तयार झालेला विद्यार्थी उद्योगात जायचा. विद्यापीठातून बाहेर पडणारे सर्वांत मोलाचे तंत्रज्ञान बहुतेक वेळा असे माणसांच्या डोक्यातून जाते.

आता रोजच्या कामाकडे येऊ. परिषदेला निघायच्या आदल्या दिवशी हातात पोस्टर घेऊन तुझ्या दारात उभे राहणारे प्राध्यापक तुला भेटतीलच. भारतीय कायद्यात काही मोजके अपवाद सोडले तर आधी झालेली प्रसिद्धी पेटंटच्या आड येते, म्हणून त्यांना परत पाठवू नकोस; त्याच संध्याकाळी तात्पुरता अर्ज दाखल करून घे. पूर्ण तपशील देण्यासाठी त्यानंतर बारा महिने मिळतात आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आहे की नाही हेही चाचपून पाहता येते. प्रकटीकरणाचा, म्हणजे संशोधकाने शोधाची माहिती कक्षाला देण्याचा, फॉर्म भरताना नमुना कोठून आला, अनुदान कोणाचे होते आणि कोणत्या विद्यार्थ्याने नेमके काय केले, हे खोदून विचार. वाद नेहमी येथेच निघतात आणि कंपनीचा वकील पहिल्या बैठकीत हेच विचारतो.

अमेरिकेत सरकारी अनुदानातून लागलेल्या शोधांची मालकी 1980 च्या बे-डोल कायद्याने विद्यापीठांना घेता आली. आपल्याकडे तशा धर्तीचे विधेयक 2008 मध्ये संसदेत आले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे तुझ्या संस्थेचे बौद्धिक संपदा धोरण आणि अनुदानाच्या अटी हाच तुझा आधार आहे. रुजू झाल्यावर ते धोरण मला पाठव. प्राध्यापकांना स्वतःच्या कंपनीत भागभांडवल धरता येते का आणि त्यासाठी रजा मिळते का, ही दोन कलमे आपण आधी पाहू.

तुझा शुभचिंतक