अंडाशयाचं काम मूल झाल्यावर संपत नाही

अंडाशयावर मी संशोधन करते. गेल्या महिन्यातल्या लेखानंतर मराठवाड्यातून बरेच प्रश्न आले. त्यातला जालन्याचा आधी घेते, कारण त्या घरातल्या आईंना थांबायला वेळ नाही.

प्रश्न : आई ५८ वर्षांची आहे. पाळी जाऊन आठ वर्षं झाली. चार महिन्यांपासून तिचं पोट फुगतं, अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरतं, लघवीला सारखं जावं लागतं. गॅसच्या गोळ्या चालू आहेत. अजून काही बघावं का? (जालना)

हो, आणि याच आठवड्यात बघा. ही लक्षणं गॅसचीही असतात, म्हणूनच ती फसवतात. पण गॅस कधी होतो, कधी जातो. पन्नाशीनंतर असा त्रास नव्यानं सुरू झाला आणि महिन्यातले बारा-पंधरा दिवस टिकला, तर अंडाशय तपासलेच पाहिजेत. ओटीपोटाची सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी करून घ्या. सीए-१२५ वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. पोटाच्या टीबीतही तो वाढतो आणि पोटात पाणीही होतं. पण सोनोग्राफीत गाठ किंवा पाणी दिसलं, तर जवळच्या दवाखान्यात घाईनं गाठ काढून घेऊ नका. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पहिलं ऑपरेशन कॅन्सर सर्जननं करणं फार महत्त्वाचं असतं, कारण आत किती गाठ शिल्लक राहिली यावर पुढचं बरंच ठरतं. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय तुम्हाला जवळ आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. जाताना आधार आणि रेशन कार्ड सोबत ठेवा.

प्रश्न : वय ३१, दोन लेकरं, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालंय. ऊसतोडीला जातो. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. दवाखान्यात म्हणाले, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. आमच्या वस्तीवर बऱ्याच जणींनी काढली. काढू का? (बीड जिल्हा)

ताई, एवढ्यावरून काढू नका.

अंगावरून पांढरं जाणं हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळे असतं आणि ते औषधानं बरं होतं. कधी कधी तर तो आजारही नसतो. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत खाडा पडला तर पैसे कापले जातात. अशा वेळी पिशवी काढली की सुटलो, असं बाईला वाटणं मला समजतं. पण त्या अडचणीवर पोट फाडणं हा इलाज नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला त्या दिवशी माझ्या हातून प्रयोगशाळेत काही काम झालं नाही.

पिशवी वेगळी, अंडाशय वेगळे. अंडाशयातून जे इस्ट्रोजेन येतं त्यावर हाडं, हृदयाच्या रक्तवाहिन्या, झोप, सगळं चालतं. भारतीय बाईची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. ३१ व्या वर्षी पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर पंधरा वर्षांनी येणारं वय एका दिवसात येतं. गुडघे, कंबर, घाम, रात्रीची तगमग हे मग कोयता हातात असतानाच सोसावं लागतं. अंडाशय ठेवले तरी पिशवी काढल्यावर ते काही वर्षं आधी थकतात.

कॅन्सरचीच भीती असेल, तर तपासणी करून घ्या. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधीच ओळखता येतो, आणि हे आपल्याच धाराशिव जिल्ह्यानं जगाला दाखवलं. तिथं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांचा अभ्यास झाला. त्यातल्या ज्या गटाची एकदाच एचपीव्ही (ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो तो) तपासणी केली, त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी झाले. २००९ साली तो अभ्यास छापून आला. जगभरात आजही त्याचा दाखला देतात.

तुमच्या वस्तीवर ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांना एवढं सांगा : डिस्चार्ज कार्ड काढा आणि अंडाशय काढलेत की ठेवलेत ते डॉक्टरांकडून वाचून घ्या. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही काढले असतील, तर हार्मोनच्या गोळ्या आणि हाडांची काळजी याबद्दल सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : वय ३२, लग्नाला दीड वर्ष झालं. एएमएच ०.६ आला. सासरी म्हणतात, बीजं संपली. खरं का? (लातूर)

संपलेली नाहीत. मुलगी आईच्या पोटात वीस आठवड्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्मताना दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. आयुष्यभरात सुटतात ती जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची आतच विरून जातात. तुमची आई बहात्तरच्या दुष्काळात जन्मली असेल, तर तुम्ही ज्या बीजातून आलात ते तुमची आजी पोटुशी असताना खडी फोडायला जात होती तेव्हाच तयार झालं होतं. एवढी वर्षं ते नुसतं थांबून होतं. माझं काम याच थांबण्यावर चालतं, आणि इतक्या वर्षांनंतरही मला त्याचं नवल वाटतं.

एएमएच हा हार्मोन बनतो तो वाढीला लागलेल्या छोट्या बीजकोशांतल्या पेशींत. टेस्ट ट्यूबच्या इंजेक्शनांना किती बीजं साथ देतील याचा अंदाज त्यावरून येतो. बीज चांगलं की वाईट, हे तो सांगत नाही. २०१७ साली अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या ७५० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी मुलासाठी नुकताच प्रयत्न सुरू केला होता. त्यात एएमएच ०.७ पेक्षा कमी असलेल्यांना दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही.

तरी दीड वर्ष झालंय, तर बसून राहू नका. आधी नवऱ्याची वीर्यतपासणी करा. ती सगळ्यात स्वस्त आणि सोपी, आणि आपल्याकडे सगळ्यात शेवटी होते. मग गर्भनलिका उघड्या आहेत का ते बघा. टीबीनं नलिका बंद झालेल्या बायका आपल्या भागात दिसतात.

प्रश्न : मावशी अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली, आईला स्तनाचा झाला. मी ३६ वर्षांची. दरवर्षी सीए-१२५ करत राहू का? (नांदेड)

फक्त त्यावर विसंबू नका. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दोन लाखांवर बायका होत्या. त्यातल्या निम्म्या जणींची रक्ततपासणीनं किंवा सोनोग्राफीनं वर्षानुवर्षं तपासणी झाली, बाकीच्यांची नाही. २०२१ मध्ये निकाल आला : मृत्यू कमी झाले नाहीत. त्या बायका सर्वसाधारण जोखमीच्या होत्या. तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या घरात बीआरसीए जनुकातला दोष असू शकतो. या दोषानं स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरची जोखीम वाढते. आई असतील तर आधी त्यांची तपासणी करा. त्यांच्यात दोष सापडला, तर तोच तुमच्यात आहे का हे नेमकं कळतं. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या शंभर जणींपैकी साधारण चाळिसांना आयुष्यात कधीतरी अंडाशयाचा कॅन्सर होतो. म्हणून अशा बायकांना मुलं झाल्यावर ३५ ते ४० वयात नलिका आणि अंडाशय काढण्याचा सल्ला देतात. बीडच्या ताईंना मी नको म्हटलं आणि इथं हो म्हणते, ते याच फरकामुळे. दोष वडिलांकडूनही येतो, तेव्हा आत्या आणि आजीचीही चौकशी करा.

प्रश्न : कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशननं पुढे कॅन्सर होतो का? (हिंगोली)

नाही, उलट अंडाशयाच्या कॅन्सरची शक्यता थोडी घटते. आपण ज्याला अंडाशयाचा कॅन्सर म्हणतो, त्यातला सगळ्यात घातक प्रकार बहुतेकदा नलिकेच्या झालरीसारख्या टोकाला सुरू होतो. २००१ मध्ये डच संशोधकांनी तिथल्या बदललेल्या पेशी दाखवल्या तेव्हापासून या आजाराकडे बघायची नजरच बदलली.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय झूलॉजी. अंडाशयावर काम करायचंय. शोधायचं काही उरलंय का? (परभणी)

खूप उरलंय गं. पुण्याच्या एनसीसीएसमध्ये (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) शर्मिला बापट यांच्या गटानं २००५ साली एका रुग्णाच्या पोटातल्या पाण्यातून पेशी वाढवल्या आणि गाठ पुन्हा उभी करणाऱ्या मूळपेशी त्यात असतात हे दाखवलं. २०१८ मध्ये एडिनबरोत एव्हलिन टेल्फर यांनी मानवी बीज अगदी सुरुवातीच्या अवस्थेपासून शरीराबाहेर पिकवलं. पण लाखो बीजांतून एकच पुढे का येतं, आपल्याकडच्या बायकांची पाळी युरोपातल्यांपेक्षा चार-पाच वर्षं आधी का जाते, याची पुरती उत्तरं कुणाकडे नाहीत. पुण्याचं एनसीसीएस, परळची आयसीएमआरची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आणि खारघरचं टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक ही नावं लिहून ठेव.

पण सुरुवात परभणीतच कर. तुझ्या गावात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या सरांना भेट. कत्तलखान्यातून शेळीचे अंडाशय मिळतात. कोमट सलाईन भरलेल्या थर्मासमधून आण, फॉर्मॅलिनमध्ये ठेव, मेणात बसवून पातळ काप काढ, रंग दे आणि मायक्रोस्कोपखाली सगळ्यात बाहेरच्या कडेला बघ. तिथं एकेरी पेशींचं वेढणं घेतलेली बारकी बारकी बीजं दाटीनं बसलेली दिसतील. ती मोजायला बस, आणि किती भरली ते मला लिही.