गरोदरपणातील राग : आधी रक्तदाब मोजा

गरोदर स्त्रीचा राग हा तिचा स्वभाव आहे आणि तिचा त्रास काय किंवा बाळाचा स्वभाव काय, सारे त्या रागातूनच येते, हा एकच गैरसमज येणाऱ्या पत्रांत वारंवार आढळतो, म्हणून त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : सूनबाईंना सहावा महिना आहे आणि त्या फार चिडतात. बाळ तापट निपजेल का? (परभणी)

नाही. चिडचिड रोजचीच असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

प्रश्न : मला आठवा महिना आहे. सारखा राग येतो, डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि सकाळी तोंड सुजलेले असते. राग आवरला की डोके थांबेल, असे सासूबाई म्हणतात. तपासणी येत्या ९ तारखेला आहे. (अंबाजोगाई)

९ तारखेची वाट पाहू नका, आजच रुग्णालयात जा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी तपासणी मोलाची आहे. पण अशी लक्षणे दिसत असताना ठरलेल्या तारखेपर्यंत थांबणे धोक्याचे आहे. गर्भधारणेचे २० आठवडे उलटल्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होऊन लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर तो प्रीएक्लॅम्प्सिया असू शकतो. या आजाराचे मूळ वारेच्या, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या अवयवाच्या, रक्तवाहिन्यांतील बिघाडात असते. तो रागाने होत नाही आणि राग गिळल्याने जातही नाही. उपचाराला उशीर झाला, तर आईला झटके येऊ शकतात आणि बाळाचा रक्तपुरवठा घटतो. ‘तिचा स्वभावच तसा’ असे घरच्यांनी एकदा ठरवले की डोकेदुखीही स्वभावाच्याच खात्यावर जमा होते आणि उपचाराचे दिवस हातचे जातात, याची मला सर्वाधिक चिंता वाटते. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे. जिना चढून आल्याबरोबर घेतलेल्या आकड्यावर विसंबू नये. मात्र तो आकडा रागामुळे वाढला असेल असे म्हणून सोडूनही देऊ नये, पुन्हा मोजून घ्यावा. बरगड्यांखाली दुखू लागले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर रात्र असली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : बाळ शांत स्वभावाचे व्हावे म्हणून चूर्ण आणि ध्वनिफितींचा संच घ्या, असा एका विक्रेत्याचा आग्रह आहे. घ्यावा का? (लातूर)

घेऊ नका. गाणी आवडत असतील तर अवश्य ऐका, त्यासाठी संच विकत घेण्याची गरज नाही. घटक न छापलेले चूर्ण तर पोटात जाताच कामा नये, कारण अशा काही औषधांत शिसे आणि पारा आढळलेला आहे व दोन्ही गर्भाला घातक आहेत. आईच्या काळजीवर असा धंदा करणे अत्यंत गैर आहे.

प्रश्न : आम्ही ऊसतोडीवर आहोत. नवरा दारू पिऊन हात उचलतो आणि मी दिवसभर आतल्या आत धुमसत असते. बाळाला काही होईल का? (बीड जिल्हा)

ताई, हा राग तुमचा दोष नाही. दीर्घकाळच्या तीव्र ताणाचा अकाली प्रसूतीशी आणि बाळाच्या कमी वजनाशी संबंध आढळला आहे. पण तुमच्या बाबतीत मोठा धोका माराचा आहे. पोटावर मार बसल्यास वार सुटू शकते आणि रक्तस्राव आतल्या आत होऊ शकतो, म्हणून बाहेर काही दिसत नसले तरी त्याच दिवशी तपासणी करून घ्या. डॉक्टरांशी किंवा परिचारिकेशी एकटीने बोलायचे आहे असे सांगा, तो तुमचा हक्क आहे. मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ ही टेलिमानस सेवा आहे.

प्रश्न : नैराश्याच्या गोळ्या बाळासाठी मी स्वतःच बंद केल्या. आता चिडचिड वाढली आहे आणि झोप येत नाही. (नांदेड)

त्या अशा अचानक बंद करायला नको होत्या. गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आणि आपल्या प्रसूतितज्ज्ञांना आजच भेटा. तोवर आपल्या मनाने त्या पुन्हा सुरूही करू नका.