पहिल्या शर्यतीआधी एवढंच सांभाळ
गोल्फ क्लब मैदानावर रोज पळतोयस, फार छान. पण प्रत्येक फेरी जीव तोडून मारू नकोस. नवखे इथेच फसतात: रोज घड्याळाशी भांडण, मग पोटरी धरते आणि मन उतरतं. बहुतेक दिवस बोलता येईल इतक्याच वेगाने पळ. खरी मेहनत आठवड्यातून एक-दोनदाच. झोप मोडू नकोस.

शर्यतीच्या दिवशी:
- रेषेवर धडधड वाढेल, वाढू दे. श्वास सावकाश, लांब सोड.
- नंबराचा विचार आला की लक्ष पुढच्या वळणावर आण. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या शर्यतीत २५ फेऱ्या असतात, सगळ्या फेऱ्यांचा विचार एकदम करून कसं चालेल?

कल्पनेत शर्यत पळणं वगैरे पुढे सांगेन. आधी दोन महिने हे कर.