कलिन्यातली दुपार

बाळा,
अनेक आशीर्वाद.

"राजाबाई टॉवरखाली शिकायला मिळेल वाटलं होतं, इथे कलिन्यात तर झाडं आणि पावसाने काळ्या पडलेल्या इमारती," असं तू फोनवर म्हणालीस आणि मला हसू आलं. पहिल्या दिवशी मीही अशीच हिरमुसले होते.

पण 1857 साली मुंबई विद्यापीठ निघालं, तेव्हा ते शिकवतच नव्हतं. शिकवायची ती कॉलेजं. विद्यापीठ परीक्षा घेऊन पदव्या द्यायचं. 1862 साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीतले न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर या परीक्षेला बसले, पण शिकले ते कॉलेजात. विद्यापीठाचे स्वतःचे विभाग आले विसाव्या शतकात. तुझा समाजशास्त्र विभाग 1919चा, स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केलेला. नंतर तिथे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये आले. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. हे विभाग पुढे टॉवरच्या फोर्टातून कोले-कल्याण, म्हणजेच कलिना, गावच्या या दोनशेहून अधिक एकरांवर आले. म्हणजे टॉवर आहे माहितीपत्रकावर छापायला, आणि अभ्यास कलिन्यात!

आता तुझ्या वेळापत्रकाचं बोलू. शेवटचं लेक्चर संपलं की रिक्षा, कुर्ला, आणि बदलापूर लोकल पकडायची धडपड. मी पहिलं वर्षभर तेच केलं. वर्गातल्या चौघींपलीकडे कुणाला ओळखत नव्हते, नेहरू ग्रंथालयात तर फक्त ओळखपत्र दाखवायला गेले होते. (विमान डोक्यावरून गेलं की सर वाक्य अर्धं सोडून थांबायचे, तेवढीच काय ती आठवण.) दुसऱ्या वर्षी लोकल चुकली म्हणून एकदा रानडे भवनाच्या पायऱ्यांवर बसले. शेजारी मराठी विभागाची एक मुलगी बसली होती, तमाशाच्या वगांवर काम करणारी. माझ्या प्रबंधाचा विषय त्या दुपारच्या गप्पांतून निघाला. तिच्यामुळे लोककला अकादमीच्या तालमी बघितल्या, कँटीनमध्ये उधारी झाली, आणि घरी उशिरा पोचल्याबद्दल आईची बोलणीही खाल्ली.

आईला आधीच सांगून ठेव. आठवड्यातून दोन दिवस तरी पाचनंतरची गाडी. गर्दी असेल, उभं राहावं लागेल, ते मी नाकारत नाही. पावसाळ्यात मात्र मिठी नदीकडे लक्ष ठेव; 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा दिवशी ग्रंथालय वगैरे काही नाही, सरळ घर गाठायचं.

पुढच्या मंगळवारी मी त्या बाजूला येते आहे. पायऱ्यांवर भेट, चहा तुझ्याकडून.

तुझी,
मावशी