‘बाळाला दूध पुरत नाहीये, वरणाचं पाणी सुरू करू का?’

पाजणाऱ्या आयांना मी सल्ला देते, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. या वेळी तो पुण्यातल्या धायरीहून आला, रात्री साडेनऊला. फोनवर बोलणाऱ्या आईच्या मागे बाळाचं रडणं ऐकू येत होतं आणि त्याच्याही वर एका वयस्कर बाईंचा आवाज, "विचार की तिला, लेकराला उपाशी ठेवायचं का म्हणावं!"

(ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. बाळाला आपण चिऊ म्हणू.)

चिऊ चार महिने दहा दिवसांची. गेले तीन दिवस दर तासा-दीड तासाला दूध मागत होती. रात्री चार-चार वेळा उठत होती. मुठी तोंडात कोंबून चोखायची, आणि घरात कुणी जेवायला बसलं की ताटाकडे टक लावून बघायची. साताऱ्याकडून आलेल्या सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं : दूध पुरत नाही, आता वरणाचं पाणी आणि पेज द्यायला लागायचं. शेजारणीने बाळाच्या तयार खाण्याचा डबाही आणून ठेवला होता. शिवाय पाचवा महिना चालू, मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, तेव्हा येत्या रविवारी मामाला बोलवायचंही ठरलं होतं.

"उद्या सकाळी ये," मी म्हटलं. "बाळाची फाइल आण. आणि सासूबाईंना घेऊनच ये."

आजीला घरी ठेवून एकट्या आईला समजावण्यात अर्थ नसतो, हे मी फार वर्षांपूर्वी शिकले. आई इथून मान डोलावून जाते, घरी दिवसभर बाळाचं रडणं दोघी ऐकतात, आणि तिसऱ्या दिवशी वाटी-चमचा निघतोच. आजीचं चुकतं असंही नाही. तिला नातीची काळजी आहे. त्या काळजीला दुसरं काहीतरी काम द्यावं लागतं.

सकाळी तिघी आल्या. मी आधी चिऊचं वजन केलं. जन्माचं 2.8 किलो, साडेतीन महिन्यांच्या लसीच्या वेळी 5.6, आणि आज 6.2. म्हणजे साधारण पाच आठवड्यांत सहाशे ग्रॅम. आईचा चेहरा पडला. "आधी महिन्याला जवळजवळ किलोभर वाढायची." बरोबर आहे, कारण पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला 25 ते 30 ग्रॅम वाढतं आणि त्यानंतर हा वेग आपोआप 15 ते 20 ग्रॅमवर येतो. वाढीच्या तक्त्यावर तिच्या वजनाची रेघ जिथून निघाली होती, तिच्या वळणानेच वर चालली होती. चोवीस तासांत सात-आठ लंगोट ओले होत होते, आणि सहाच्या वर असले की मला पोटात दूध जातंय याची खात्री वाटते. उपाशी बाळाचे लंगोट इतके भिजत नाहीत.

मग रडत का होती?

ते पाहायला मी चिऊला माझ्यासमोर पाजायला सांगितलं. तिने छान ओढायला सुरुवात केली. दोन-तीन मिनिटांत बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला, चिऊ सुटली आणि मान वळवून दाराकडे बघायला लागली. पुन्हा लावलं. आजी खोकल्या, पुन्हा सुटली. मोबाइलवर गजर वाजला तशी आईने बाजू बदलली. दहा मिनिटं एक बाजू, दहा मिनिटं दुसरी, असं कुठेतरी वाचलेलं. त्या दहातली सहा मिनिटं चिऊ जगाकडे बघण्यात घालवत होती.

चौथ्या महिन्यात हे होतंच. डोळ्यांना लांबचं दिसायला लागतं, प्रत्येक आवाजाचं कुतूहल वाटतं, दिवसा दूध अर्धवट राहतं आणि ती वसुली रात्री होते. त्यात अधूनमधून काही दिवस असे येतात, की बाळ एकदम जास्त दूध मागतं. जास्त ओढलं की छातीत जास्त दूध तयार होतं, आणि दोन-चार दिवसांत गाडी रुळावर येते. नेमकं याच दिवसांत आपण वरचं सुरू केलं, तर बाळ त्या प्रमाणात कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी बनतं, आणि मग ‘बघ, मी म्हणत नव्हते?’ हे खरं ठरतं. दूध आटतं ते बऱ्याचदा असं. आईच्या अंगात कमी असतं म्हणून नव्हे.

आईच्या मनात आणखी दोन शंका होत्या आणि त्या तिने आजी पाणी प्यायला उठल्यावर हळूच सांगितल्या. एक, पहिल्या महिन्यात छाती दाटून यायची, आता मऊच असते. दुसरी, ऑफिसची तयारी म्हणून पंप आणला आणि पहिल्याच वेळी दोन्ही बाजू मिळून फक्त 40 मिली निघालं. तेवढं बघून ती रात्रभर रडली होती. मी तिचा हात धरून सांगितलं, की छाती मऊ राहणं म्हणजे बाळाला लागेल तेवढं दूध बनायचं गणित आता जमलंय. आणि पंपात किती येतं यावरून बाळ किती ओढतं हे कळत नाही. यंत्राला चिऊचा वास नाही, तिची ऊब नाही. पंपाची सवय शरीराला हळूहळू होते.

आजी परत आल्या तशा मुद्द्यावर आल्या. "ताई, हिच्या नवऱ्याला मी चौथ्या महिन्यात वरणाचं पाणी दिलं. म्हशीचं दूध दिलं. सहा फूट झालाय."

मी आजींना खरं तेच सांगितलं. 1998 साली माझ्या थोरल्यालाही मी चौथ्या महिन्यात पेज भरवली होती, आणि ती आमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून. तेव्हा जगभर ‘चार ते सहा महिने’ असंच सांगत. पुढे अभ्यास झाले, आणि 2001 मध्ये जागतिक आरोग्य सभेने सहा महिने फक्त आईचं दूध, असं ठरवलं. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही आता तेच सांगतात. आपण तेव्हा वाईट केलं नाही, जे माहीत होतं ते केलं. पण ज्या पोरांना तेव्हा सारखे जुलाब व्हायचे, दोन-दोन महिने वजन वाढायचं नाही, ती कशाने, हे तेव्हा घरोघरी कुणी शोधत नव्हतं. आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "धाकट्याला लई जुलाब व्हायचे."

मग मी म्हटलं, "आजी, आपण चिऊलाच विचारू. तुम्ही बसवा तिला मांडीवर."

आजींनी तिला कमरेला हाताचा आधार देऊन बसवलं. काही सेकंद मान सरळ राहिली, मग डुगडुगली, आणि चिऊ तांदळाच्या अर्ध्या पिशवीसारखी एका अंगावर कलली. पुन्हा बसवलं, पुन्हा कलली. मी उकळून घेतलेला रिकामा चमचा तिच्या खालच्या ओठाला टेकवला. तोंड उघडलं, आणि लगेच जीभ बाहेर आली, चमच्याला ढकलून देणारी. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. आजी वाकून बघत होत्या. ही जीभ बाळाचं रक्षण करते. गिळता येणार नाही अशी गोष्ट ती घशाकडे जाऊच देत नाही. स्तनातून ओढताना जिभेची हालचाल वेगळी असते. घास मागे नेऊन गिळायची हालचाल नव्याने शिकावी लागते, आणि ते बहुतेक बाळांना सहा महिन्यांच्या आसपास जमायला लागतं.

मी घरच्यांना हेच सांगते, की भूक वेगळी आणि तयारी वेगळी. चिऊला भूक होती, पण दुधाची. खाण्याची तयारी भुकेवरून ओळखायची नसते, शरीरावरून ओळखायची. मान पक्की हवी, आधाराने बसता यायला हवं, वस्तू बघून हाताने धरून नेमकी तोंडात घालता यायला हवी, आणि तोंडात गेलेलं बाहेर न ढकलता गिळता यायला हवं. या गोष्टी जुळून याव्यात आणि सहा महिने पुरे व्हावेत. मुठी चोखणं यात येत नाही, ते दोन महिन्यांचं बाळही करतं. ताटाकडे बघणंही येत नाही. चार महिन्यांचं बाळ पंख्याकडे आणि गॅलरीतल्या कबुतराकडेही तसंच बघतं. दातांचा तर काहीच संबंध नाही.

वरणाच्या पाण्याबद्दल मात्र मला जरा जास्तच बोलावंसं वाटतं, कारण आपल्या घरांत त्याच्यावर फार विश्वास आहे. वरची निवळ म्हणजे पिवळं गरम पाणी. डाळ खाली भांड्यात राहते. आईच्या 100 मिली दुधात 65 ते 70 कॅलरी असतात, शिवाय स्निग्धांश, प्रथिनं आणि आजाराशी लढणारे घटक. निवळीत त्यातलं जवळजवळ काहीच नसतं. इवलंसं पोट पाण्याने भरतं, बाळ तासभर गप्प होतं, आपल्याला वाटतं लागू पडलं. गप्प झालं खरं, पण त्या तासातलं दूध हुकलं. आणि पावसाळ्यात आपली वाटी, चमचा, पाणी कितीही जपलं तरी जंतू जायची भीती असतेच. हे सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "मग घट्ट वरण देऊ की." ते देऊच, पण चिऊ गिळायला लागली की.

डब्याचं म्हणाल तर त्यावर काय लिहिलंय ते मी आजींच्या मुलाला वाचायला सांगितलं. बाळाच्या अन्नाबद्दलचा 1992 चा कायदा आणि त्याची 2003 ची दुरुस्ती यांनुसार असं अन्न सहा महिन्यांनंतरचंच मानलं जातं, आणि दोन वर्षांखालच्या बाळांसाठी त्याची जाहिरात करायलाही बंदी आहे. डबा शेजारी परत गेला. वरच्या दुधावर असलेल्या बाळांनाही माझं सांगणं हेच असतं. चौथ्या महिन्यात भूक वाढली तर दूध किती आणि कसं द्यायचं ते डॉक्टरांना विचारा, पण त्यात पेज किंवा बिस्कीट कालवू नका.

पुढे काय करायचं ते तिथेच ठरवलं. मोबाइलचा गजर बंद. दिवसाचं पाजणं आतल्या खोलीत, पडदा ओढून, टीव्ही नाही. एक बाजू चिऊ स्वतः सोडेपर्यंत. मागेल तेव्हा द्यायचं, रात्रीसुद्धा, पाच दिवस घड्याळ न बघता. त्या पाच दिवसांत आईने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, ही जबाबदारी आजींची. दोन आठवड्यांनी पुन्हा वजन. लंगोट सहाच्या खाली आले, बाळ मलूल झालं, उठवूनही पिईना, तर माझी वाट न बघता थेट डॉक्टर. वजनाची रेघ आडवी झाली असती, तर मी आधी बाळ छातीला लागतं कसं ते तपासलं असतं आणि बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं खाणं कधी सुरू करायचं, तेही त्यांनीच ठरवायचं असतं. एखाद्या बाळाला डॉक्टरांनी तपासून थोडं लवकर सुरू करायला सांगितलं, तर माझं काही म्हणणं नसतं.

राहिला ऑफिसचा प्रश्न. 26 आठवड्यांच्या रजेतले तीन बाळंतपणाआधीच गेलेले, त्यामुळे चिऊ सव्वापाच महिन्यांची असतानाच तिला हिंजवडीला रुजू व्हायचं होतं. मधले तीन आठवडे कसे काढायचे? "तेवढ्यासाठी तरी पेज देऊ का?" हा प्रश्न आजींनी नव्हे, आईनेच विचारला. मी आजींना विचारलं, बोंडलं (बाळाला दूध पाजायची तोटीची छोटी वाटी) वापरलंय का कधी? त्यांचे डोळे चमकले. "दोन्ही पोरं बोंडल्यावर वाढवली." मग आईने रोज पहाटे आणि रात्री दूध काढायचं, बाहेर चार तासांत वापरायचं, नाहीतर झाकून फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवायचं, देताना भांडं कोमट पाण्यात ठेवायचं, गॅसवर कधीच नाही. आणि ते दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने आजींनी पाजायचं. बाटली नको. दुसऱ्या आठवड्यात पंपात 90 मिली आल्याचा फोटो मला आला.

चौथ्या दिवशी चिऊचं मागणं कमी झालं. रात्रीचं उठणं मात्र दोन वेळांवर येऊन थांबलं. या वयात तेवढं असतंच.

उष्टावणाचं गणित सगळ्यात सोपं निघालं. विषम महिना हवा ना? सहा महिने पुरे झाले की सातवा लागतो. आजी हसल्या, मामाचा रविवार पुढे गेला.

उलट बाजूचंही इथे सांगते, कारण तीही घरं मी बघते. मुहूर्त नाही, घरात सुतक आहे, दात येऊ दे, थंडी जाऊ दे, असं करत आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत नुसत्या दुधावर ठेवलेली बाळं. सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही. जन्माच्या वेळी अंगात असलेला लोहाचा साठाही तोवर सरत आलेला असतो. तेव्हा सहाआधी घाई नको, तशी सहानंतर दिरंगाईही नको. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन चमचे, आणि दूध चालूच.

उष्टावणाला मी गेले होते. खिरीत साखर होती म्हणून मामाने चांदीच्या वाटीतून नुसतं बोट ओठाला लावलं, विधी झाला. मध कुणीही आणला नव्हता. वर्षाच्या आत मध नाही, हे आजींनी आधीच सगळ्यांना बजावलं होतं. मग आजींनी स्वयंपाकघरातून दुसरी वाटी आणली. मूगडाळ आणि तांदूळ मऊ शिजवून घोटलेले, वर थेंबभर तूप, मीठ नाही. चमचा तिरका करून मला दाखवला. पडत नव्हतं.

चिऊ मांडीवर ताठ बसली होती. चमचा दिसताच पुढे झुकली आणि आ वासला. पहिल्या घासाला तोंड वेडंवाकडं केलं, थोडं हनुवटीवर आलं, उरलेलं गिळलं. दुसराही गेला. तिसऱ्याला तिने ओठ मिटले आणि मान फिरवली. मामा म्हणाला, "अजून एक, माझ्यासाठी." आजींनी वाटी बाजूला ठेवली. "बास. ती नको म्हणतीय."