जांघेतलं दुखणं : हाड सुकतंय की सांधा पिकतोय?

प्रश्न : माझे मिस्टर ४६ वर्षांचे, शेती करतात. गेल्या पावसाळ्यात व्हायरल न्यूमोनियानं अत्यवस्थ होते. दवाखान्यात स्टेरॉइड दिलं, घरी आल्यावरही महिनाभर गोळ्या होत्या. आता उजवी जांघ दुखते, लंगडतात, मांडी घालता येत नाही. एक्स-रे नॉर्मल आहे. आठवडाभर बारीक तापही येतोय. घरचे म्हणतात, तेल लावून पाय ओढून घ्या. काय करावं?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, पाय ओढायला कुणाच्याही हाती देऊ नका. दुखणं जांघेत असलं तरी संशय खुब्याच्या सांध्याचा आहे. खुब्यात मेलेलं हाड असेल तर ते खचेल, पू असेल तर तो पसरेल.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून खुबा चांगला असं धरू नका. स्टेरॉइडमुळे मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटला की आतलं हाड मरतं. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. सुरुवातीला एक्स-रेत ते दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. एमआरआय दोन्ही खुब्यांचा करा, दुखत नसलेल्या बाजूलाही पुष्कळदा सुरुवात झालेली असते.

डिस्चार्ज कार्डावरून स्टेरॉइडचा हिशेब मांडून न्या. उदाहरणार्थ, कोरोनात रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन १० दिवसांपर्यंत देत. तेच प्रेडनिसोलोनमध्ये साधारण ४०० मिलिग्रॅम भरतं. घरी रोज २० ची गोळी महिनाभर घेतली असेल तर आणखी ६००. दारू घेत असतील तर तेही सांगा, लपवू नका.

पण आम्हाला खटकतो तो ताप. नुसत्या एव्हीएनला ताप येत नाही. स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती उतरते, साखर चढते, आणि सलाईनच्या सुईवाटे शिरलेले जंतू रक्तातून खुब्यात बसू शकतात. संध्याकाळी कणकण आणि वजन उतरत असेल तर सांध्याच्या टीबीचाही विचार हवा. एव्हीएनच्या तपासणीला चार दिवस उशीर चालेल, पिकलेल्या सांध्याला नाही. पू सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांवरचं गुळगुळीत आवरण, झपाट्यानं खातो.

म्हणून आजच हाडांच्या डॉक्टरांकडे जा. सीबीसी, ईएसआर, सीआरपी, साखर या रक्ताच्या तपासण्या आणि खुब्याची सोनोग्राफी करून घ्या. सांध्यात पाणी दिसलं तर सोनोग्राफीत बघत सुईनं काढतात. पाणी आधी, अँटिबायोटिक नंतर, हा क्रम सोडू नये, नाहीतर कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, जंतूच उगवत नाही. (रुग्ण अत्यवस्थ असेल तर मात्र थांबत नाहीत.) नमुना निर्जंतुक बाटलीत जातो, फॉर्मालिनमध्ये नव्हे, त्यात जंतू मरतात. साध्या कल्चरसोबत बुरशी आणि टीबीची जीनएक्स्पर्ट तपासणीही मागा. ताप का येतो ते कळेपर्यंत खुब्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन नको. थंडी वाजून ताप चढला किंवा पाय टेकवेना, तर रात्र असली तरी बेळगाव गाठा.

पू निघाला तर सांधा धुऊन साधारण ४ ते ६ आठवडे अँटिबायोटिक चालतं. टीबीची औषधं त्याहून बरीच लांबतात. पू नसेल आणि हाडाचं डोकं खचलेलं नसेल, तर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करतात. खचलं की खुबा बदलणं उरतं, पण संसर्ग असताना कृत्रिम खुबा सहसा लगेच बसवत नाहीत. तोवर काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या उलट. बसायला खुर्ची, संडासला कमोड.

प्रश्न : खुबा बदलायचा झाला तर सरकारी आरोग्य योजनेत बसेल का?
– निपाणी

उत्तर : आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये, तातडीची केस नसेल तर, आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. मिरज-कोल्हापूरला जाणार असाल तर महात्मा फुले योजना ८६५ सीमागावांना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्रानं २०२३ मध्ये घेतला. आपलं गाव यादीत आहे का आणि हे ऑपरेशन पॅकेजमध्ये आहे का, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनिसाला, विचारा.