वाचक विचारतात: गाडी स्वतःच ब्रेक मारते, बंद करून टाकू का?

प्रश्न (फोंडा): नवीन गाडीत ॲडास, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टीम, आहे. म्हापशाच्या मार्केटकडे स्कूटर आडवी आली की जोरात बीप वाजतं, एकदा तर गाडीने स्वतःच कचकन ब्रेक मारला, मागचा टेम्पो अगदी थोडक्यात थांबला. मिस्टर म्हणतात सगळंच बंद करून टाक. करू का?

ताई, सगळं नको बंद करू. ॲडास म्हणजे एक बटण नव्हे, चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचं वेगळं ठरवायचं असतं. हा जो स्वतः ब्रेक मारणारा भाग आहे ना, ऑटो इमर्जन्सी ब्रेकिंग, तो शेवटच्या क्षणासाठी असतो, आधी बीप, तुम्ही काहीच केलं नाही तर ब्रेक. तो चालूच ठेवायचा, माझं याबाबतीत अगदी ठाम मत आहे, कारण आपल्याकडे रेंट-अ-बाईकवाला पर्यटक मोबाईलवर मॅप बघत कुठूनही समोर येतो. बीपचा त्रास होत असेल तर सेटिंगमध्ये बघा, बहुतेक गाड्यांत इशारा लवकर, मध्यम की उशिरा द्यायचा ते निवडता येतं, गावात मध्यम ठेवा. आणि मागच्या टेम्पोची भीती खरी आहे, पण त्यावर उपाय ब्रेक बंद करणं नाही, आपणच समोरच्यापासून अंतर ठेवलं की गाडीवर कचकन ब्रेक मारायची वेळच क्वचित येते. ताशी ८० ला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते हो, कोरड्या रस्त्यावर निदान दोन सेकंद आणि पावसात तीन-चार सेकंदांचं अंतर हवंच.

अजून एक, कधी खरंच जोरात ब्रेक मारावा लागला तर पॅडल पूर्ण दाबून धरून ठेवा, जुन्या सवयीने दाब-सोड दाब-सोड करू नका, ते काम एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम, करतं, पायाखाली थरथर जाणवली तरी पाय काढायचा नाही.

प्रश्न (डिचोली): चोर्ला घाटात स्टिअरिंग आपोआप ओढल्यासारखं होतं. गाडीत दोष आहे का?

बहुधा दोष नाही, ते लेन कीप असिस्ट. आरशामागचा कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघतो आणि गाडी पट्ट्याकडे सरकली, इंडिकेटर दिलेला नसला, की स्टिअरिंगला हलका धक्का देतो. झुवारीच्या नव्या पुलावर किंवा पणजीच्या अटल सेतूवर पट्टे स्पष्ट असतात तिथे ते मस्त चालतं. पण घाटात वळणं, पुसलेले पट्टे, खड्डा चुकवायला थोडं बाहेर जावं लागतं, तिथे ते आपल्याशीच भांडायला लागतं. म्हणून चोर्ला असो की अनमोड, घाट लागायच्या आधी लेन कीप बंद आणि ॲडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीनुसार वेग आपोआप कमी-जास्त करणारा भाग, तो पण बंद. वळणावर पुढची गाडी रडारच्या नजरेतून सुटली की क्रूझला वाटतं रस्ता मोकळा, आणि ते वेग वाढवू शकतं. धो-धो पावसात तर क्रूझ कुठेच नको. घाट संपला की लेन कीप परत चालू करायला विसरू नका, आणि लेन बदलताना इंडिकेटर द्यायची सवय लावा, म्हणजे निम्मी ओढाताण तिथेच थांबेल.

प्रश्न (मडगाव): लेव्हल २ म्हणजे हायवेवर थोडा वेळ हात सोडले तर चालतात ना? रील्समध्ये तर दाखवतात.

नाही चालत. लेव्हल २ मध्ये गाडी स्टिअरिंग आणि वेग दोन्हीला मदत करते, पण रस्त्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी पूर्ण ड्रायव्हरची. आणि रात्री आपल्या रस्त्यांवर गुरं बसलेली असतात, माणसं आणि वाहनं ओळखायला शिकवलेली ही सिस्टीम काळ्या डांबरावर बसलेल्या काळ्या म्हशीसाठी थांबेलच असं कधीच धरून चालू नका. ते रील्स बघून कोणी हात सोडत असेल तर कृपा करून त्याला थांबवा.

प्रश्न (वाळपई): पावसाळ्यात स्क्रीनवर सारखा मेसेज येतो, रडार ब्लॉक झालंय म्हणून. सर्व्हिस सेंटरला न्यावी का?

आधी एक ओला मऊ कपडा घ्या. रडार पुढच्या बंपरमध्ये किंवा लोगोच्या मागे असतं, त्यावर लाल चिखल बसला की ते आंधळं होतं, खाणीच्या बाजूला राहणाऱ्यांना तर हे रोजचंच. मुसळधार पावसात काही वेळ मेसेज आला आणि नंतर गेला तर काळजी नको, फक्त तेवढ्या वेळात मदत नाही हे लक्षात ठेवून चालवा. पुसून, पाऊस थांबून सुद्धा गेला नाही तर मात्र दाखवा. दसऱ्याला गाडीला झेंडूचं तोरण बांधता ना, बांधा, पण निघण्याआधी लोगोवरून काढा. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावला असेल तर तो आजच काढा, २०१७ मध्येच केंद्र सरकारने त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय, पादचाऱ्याला तो घातक असतो आणि रडारच्या आड पण येऊ शकतो. आणि कधी पुढची काच बदलावी लागली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर परत अचूक जुळवणं, करून घ्या, कॅमेरा जरासा तिरका बसला तरी लांबचं माप चुकतं, तेव्हा काम झाल्याचं बिलावर लिहून मागा आणि मगच गाडी ताब्यात घ्या.